कपाशीतलं तुरीचं तास

ता. चिखली, जि. बुलडाणा
२२ जून २००५

प्रिय रूबेन,

प्रभूच्या नावानं सलाम. तुझं पत्र गेल्या वर्षाचं, माझं उत्तर यंदाचं. मास्तरकी सुटली तरी आळस सुटला नाही, असं समज आणि माफ कर.

पेरणी आटोपली. सगळ्या गावानं बीटी कपाशी लावली, मीही लावली. चिखलीला गफ्फारच्या दुकानातून तीन पाकिटं आणली. घरी येऊन फोडतो तर काय, मोठ्या पुडीसोबत एक लहान पुडी. दुसऱ्या दिवशी ती घेऊन परत गेलो. म्हटलं, हे काय? गफ्फार म्हणाला, "मास्तर, हे साधं बी हाय. वावराच्या काठानं लावा. अळी तिथं खाईन, तिथंच वाढीन. मंग बाकीची कपाशी पचवाची सवय तिले लागनार नाही." म्हणजे अळीच्या नावानं वेगळी ओळ पेरायची! मी भर दुकानात सांगितलं, "गफ्फार, आमच्या आज्यानं एक देव धरला त्याला शंभर वर्षं होत आली. घरात दुसऱ्या कुणाला नैवेद्य दाखवला नाही, आन आता अळीले दाखवू काय?" तो पोट धरधरून हसला. म्हणे, "आमचाबी एकच हाय मास्तर. पन अळीले ते कुठं मालूम?"

तो हसला म्हणून मी चिडलो, हे खरं. घरी येऊन शास्त्र उघडलं, आणि तुला काय सांगू, नेमकं तेच पान निघालं. मोशेच्या मुखानं देवानं सांगितलंय, एका शेतात दोन जातींचं बी पेरू नको. अंगावर काटा आला. रूबेन, आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या कपाशीत तूर पेरत आलो! सहा ओळी कपाशीच्या, मग एक तास तुरीचं. म्हणजे अळीची पुडी दूरच राहिली, आमचं सगळं वावरच आज्ञेबाहेर.

तुला ठाऊक आहे, आमच्या गावात ख्रिस्ती घरं सात. पाळक चिखलीहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात, बाकी उपासना मंडळीचा वडील म्हणून मीच चालवतो. गेल्या रविवारी मी संदेश दिला: एक देव, एक वावर, एक बी. लोक डोळे मोठे करून ऐकत होते. तीस वर्षांत असा संदेश मी दिला नव्हता. शेवटी सांगितलं, ज्यानं तूर पेरली असेल त्यानं ती उगवली की उपटावी.

आता तुझ्याकडे काम. हे शास्त्र मुळात तुम्हा यहुद्यांचं. तुमच्या देशात ही आज्ञा कशी पाळतात ते सविस्तर लिही. मंडळीत वाचून दाखवीन, कारण कुरकुर करणारी माणसं सगळीकडे असतात.

तुझा,
मोतीराम


दिमोना
इस्राएल
१४ जुलै २००५

मोत्या,

शालोम. म्हातारपणी तुला अंगावर काटा येतो हे वाचून बरं वाटलं. आपल्या शाळेत गणिताच्या तासाला यायचा तो वेगळा.

तू विचारतोस, आज्ञा पाळतात का? अरे, पाळतात म्हणजे काय! हा काय चिखलीचा बाजार आहे? इथे धर्माचे जाणकार हंगामात शेतांतून फिरतात. एका पिकात दुसरं दिसलं की मालकाला जागच्या जागी उपटायला लावतात. शेतकरीही ब्र काढत नाही. आमच्या बापजाद्यांनी ह्या आज्ञा जपल्या म्हणून आज आम्ही आहोत, मोत्या. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांवर हात ठेवून आम्ही ती ओळ म्हणतो ना, ऐक इस्राएला, आपला देव एकच, ती नुसती तोंडानं म्हणायची ओळ नाही. ती हाडात असावी लागते.

तू उपटायला लावलंस ते योग्यच केलंस. शिस्त नसली की मंडळी कसली! हे खुशाल वाचून दाखव.

मी सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून घरी बसून मिल्काच्या बोलण्याचा विषय झालो आहे. ती तुम्हा सगळ्यांना सलाम सांगते. तुझी धाकटी बहीण सुभद्रा कशी आहे?

तुझा,
रूबेन झिराडकर


ता. चिखली
१७ ऑगस्ट २००५

प्रिय रूबेन,

तुझं पत्र मिळालं आणि मी उंच झालो, असंच म्हणतो. ते मी ३१ जुलैच्या उपासनेत उभं राहून वाचलं. परदेशी तिकिटाचं पाकीट आधी सगळ्यांना दाखवलं, मग वाचलं. "जागच्या जागी उपटायला लावतात" हे वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सहा घरांच्या वावरातली तूर निघाली. गुडघ्याएवढी झाली होती. बायका जरा हळहळल्या, पण हात थांबले नाहीत. बांधावर ढीग पाहून गावातली माणसं विचारायची, "मास्तर, काऊन उपटून राह्यले जी हे लोक?" मी ताठ मानेनं सांगत होतो.

सातव्या घरानं मात्र ऐकलं नाही. एक बाई आहे, विधवा, चार एकरांची मालकीण, हट्टी. तिला तीनदा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा नाही म्हटलं, तेही चारचौघांत. मंडळीचा वडील म्हणून मला कठोर व्हावं लागलं. ७ ऑगस्टला पाळक आले तेव्हा मी त्यांना सांगून तिला प्रभुभोजनातून वगळलं. वावरात तूर उभी आहे तोवर तिला भाकर नाही आणि प्याला नाही. नाताळलाही नाही. ती उठून गेली असती तर सोपं झालं असतं. ती मागच्या चटईवर जाऊन बसली, आणि दर रविवारी तिथेच बसते.

पाळक मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, जरा सबुरीनं." नवीन आहेत, तरुण आहेत. मी म्हटलं, ज्यांचं शास्त्र त्यांच्याच देशातून पत्र आलंय, आता सबुरी कसली?

कपाशी छान आहे. फक्त पानं थोडी लालसर दिसतात.

तुझा,
मोतीराम


ता. चिखली
३ ऑक्टोबर २००५

रूबेनभाऊले सुभद्राचा सलाम.

तुमचा पत्ता दादाच्या फळीवरच्या पाकिटावरून उतरवून घेतला. मी सातवी शिकेल हावो, तवा हाताचं लिवनं असंच हाय, समजून घ्या. बोलते तसंच लिवते.

दादानं तुमाले लिवलं असन की एक हट्टी बाई हाय. ते बाई मी हावो. नाव त्यानं लिवलं नसन हे मले ठाव हाय. लाज वाटली असन, नाहीतर माया आली असन. त्याच्यात दोनी सारखेच राह्यतात.

भाऊ, मी तुमच्याकडं भाकरीसाठी भीक मांगून नाही राह्यली. देव माह्या घरीबी हाय, मागच्या चटईवरबी हाय. पन तुमी लिवलेलं पत्र वाचून सहा घरांची तूर गेली, हे तुमाले मालूम पाह्यजे. आता त्याइच्या कपाशीवर लाल्या आला हाय. पानं लालबुंद झाली आन बोंडं बारीक राह्यली. तुरी असत्या तर दाळीपुरतं तरी पदरात पडलं असतं, चुलीले तुराट्या झाल्या असत्या. दादाची कपाशी सगळ्याइत जास्त लाल हाय. तो कोनाले म्हनत नाही.

मी तूर काऊन नाही उपटली ते सांगते. आपला आबा पेरनीच्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर टोपी काढून उभा राहे, एका देवाचं नाव घे, आन मंग मूठ सोडे. पऱ्हाटीले एक देव आन तुरीले दुसरा देव असं म्हनून आबानं कवाच पेरलं नाही. एकाच देवाचं नाव घेऊन दोनी पेरलं. मंग मी तुरीचं तास उपटलं तर आबाची प्रार्थना उपटल्यासारखं होते. हेच मी दादाले म्हटलं चारचौघांत. आखीन एक म्हटलं, ते म्हनाले नव्हतं पाह्यजे. म्हटलं, "दादा, त्याच पानावर दोन जातीच्या धाग्याचं कापडबी घालू नको म्हनून लिवेल हाय. तुहा सदरा टेरिकॉटचा हाय." लोक हासले. तवापासून तो माह्याशी बोलत नाही.

तुमाले याद हाय काय, नाताळले तुमी आमच्या घरी येत तवा तुमच्या आईनं सांगेल असे, आमच्या भांड्यातलं मटन खायाचं नाही. तवा आबा तुमच्यासाठी नव्या मडक्यात वेगळं वरन शिजवे. तुमी तीन-तीन वाट्या खात. ते वरन याच तासाच्या तुरीचं होतं.

मिल्कावहिनीले सलाम.

सुभद्रा


दिमोना
३० ऑक्टोबर २००५

मोतीराम,

आज मोत्या म्हणत नाही, कारण आज चेष्टा नाही.

सुभद्राचं पत्र आलं. मी ते मिल्काला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं होतंत त्यांना? खरं सांगा." मी सांगितलं. ती म्हणाली, "शेत कधी पाहिलंयत तुम्ही ह्या देशात? बसच्या खिडकीतून?" 

तिचं बरोबर आहे. जे मी तुला ठासून लिहिलं ते मी बसमध्ये एका माणसाकडून ऐकलं होतं. तू मला विचारलंस, शास्त्र तुमचं म्हणालास, आणि माझी छाती फुगली. गेल्या आठवड्यात मी आमच्या प्रार्थनामंदिरातल्या वृद्ध रब्बींकडे गेलो आणि नीट विचारलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. दोन बियांचा तो नियम ह्या देशाच्या मातीपुरता आहे. दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याला शेतात दोन पिकं घ्यायला मनाई नाही. आणि इथेसुद्धा, मधे अंतर राखून वेगळी ओळ धरली तर ती भेसळ होत नाही. मी विचारलं, "सहा ओळी कापूस, मग एक ओळ डाळीची?" ते म्हणाले, "तुझ्या मित्राच्या वडिलांना पेरणी येत होती." मग विचारलं, त्या लहान पुडीचं काय? ते म्हणाले, "किड्याला खायला ठेवणं म्हणजे किड्याची पूजा नव्हे. पाखरांना दाणे टाकतो त्यानं पाखरू देव होतं का?"

तर, मोतीराम, तुझी चूक अर्धी. बाकी अर्धी माझी.

आता एक गोष्ट सांगतो, जी चाळीस वर्षांच्या पत्रांत मी तुला लिहिली नाही. लाज वाटत होती.

बाबा नोकरीसाठी तुमच्या चिखलीला आले, त्याआधी आमचे लोक कोकणात किती शतकं होते, कुणालाच ठाऊक नाही. घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. पुस्तक हरवलं होतं. भाषा हरवली होती. देवळात जाणारे होते, मशिदीत जाणारे होते, शेजारी सगळे चांगले, आणि आमच्याजवळ काय होतं? शनिवार होता, मुलांची सुंता होती, ताटातलं थोडं पथ्य होतं आणि एक ओळ होती. ऐक इस्राएला, आपला देव एकच. अर्थ विचारला तर माझ्या पणजीला सांगता आला नसता. पण बाळ जन्मलं की तीच ओळ, माणूस गेला की तीच ओळ. एवढ्या एका ओळीवर आम्ही शेकडो वर्षं त्याचे राहिलो. जगात कुणी एवढ्या कमी शिदोरीवर एवढी लांब वाट चालली असेल तर मला दाखव.

आणि मग आम्ही इथे आलो. १९६३ साली मी आणि मिल्का लग्नाची नोंद करायला गेलो. मेजामागच्या माणसानं विचारलं, तुमची आजी यहुदी होती याचा पुरावा? तिच्या आजीचा पुरावा? कागद तर एकही नव्हता. तो म्हणाला, तुम्ही आमच्यातले आहात हे आम्हाला आधी ठरवावं लागेल. मिल्का तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला इथली भाषा येत नव्हती, पण त्याचा चेहरा कळला. ती उठली, उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि ती ओळ म्हणाली. मोठ्यानं. कचेरीतली टंकयंत्रं थांबली. त्या माणसानं मान खाली घातली, पण शिक्का मारला नाही. शिक्क्याला चौदा महिने लागले. बाहेर पायरीवर मी रडत होतो. मिल्का म्हणाली, "देवानं ओळखलंय. कारकुनानं नाही ओळखलं तर नाही."

तेव्हापासून माझी बायको कुणापुढे मान खाली घालून चालली नाही. मला तिचा इतका अभिमान आहे की तो तिच्यासमोर बोलता येत नाही.

मोतीराम, तू त्या मेजामागे जाऊन बसला आहेस. आणि माझं पत्र तुझा शिक्का झालं आहे. सुभद्रा मागच्या चटईवर बसते. मिल्काही तशीच बसली असती.

हे पत्रही वाचून दाखव. पहिलं दोनदा वाचलंस, हे एकदा वाचलंस तरी चालेल.

रूबेन


दिमोना
५ डिसेंबर २००५

मोत्या,

महिना होऊन गेला. तुझं उत्तर नाही. तू रागावला असशील तर रागावल्याचं लिही, शिव्या दे, पण लिही. मी पोस्टमनची वाट पाहत खिडकीत बसतो आणि मिल्का म्हणते, "बसा. वाट पाहणं कसं असतं ते कळू दे तुम्हाला."

नाताळ जवळ आला. तुरी आता पिवळ्या झाल्या असतील.

रूबेन


ता. चिखली
२७ डिसेंबर २००५

प्रिय रूबेन,

रागावलो होतो. खोटं कशाला बोलू? तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचलं आणि शास्त्रात ठेवून दिलं, आणि दीड महिना शास्त्राचं ते पान सोडून बाकीची वाचत राहिलो. मास्तर माणसाला चूक दुरुस्त करता येते, फक्त ती दुसऱ्याची असावी लागते.

कपाशी गेली. दोन वेचण्यांत संपली. सहाही घरांचं तेच. कुणी मला तोंडावर काही बोललं नाही, आणि तेच सोसवत नव्हतं. सुभद्राचं वावर माझ्या वावराला लागून आहे. तिच्याही कपाशीवर लाल्या आला, पण दर सहा तासांनंतर एक तास तुरीचं उभं, फुलांनी पिवळं, मग शेंगांनी लगडलेलं. मी रोज दोन्हींमधल्या धुऱ्यावरून जायचो आणि मान दुसरीकडे वळवायचो. एवढी मान मी आयुष्यात वळवली नव्हती.

२३ तारखेला सकाळी दारात पायली भरून नवी डाळ ठेवलेली दिसली. भरडून, पाखडून. शेजारी तुळशीरामच्या दारातही. सहाही घरांच्या दारांत. ठेवणारीनं निरोप ठेवला नव्हता. तुळशीरामची बायको माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मास्तर, हे दाळ खायाची का उपटून टाकाची?"

रूबेन, मी आत जाऊन ते पान उघडलं.

नाताळ यंदा रविवारीच आला. पाळक चिखलीहून आले. उपासनेचं छोटं देऊळ भरलं होतं, गफ्फारही नेहमीसारखा केक घेऊन आला होता आणि दाराशी बसला होता. मी पाळकांना म्हटलं, प्रभुभोजनाआधी मला दोन मिनिटं द्या. अर्धा तास घेतला. तुझं पत्र वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. "टंकयंत्रं थांबली" हे वाक्य दोनदा वाचलं. मग मी म्हणालो, "मी तुम्हाला सांगितलं, एक देव, एक बी. पहिलं देवानं सांगितलेलं होतं. दुसरं मी चिकटवलं. देवाच्या एकपणात मी माझा हट्ट मिसळला. दोन जातींचं बी मीच पेरलं." एवढं बोलून मी वडिलांच्या खुर्चीवर बसलो नाही. चालत मागे गेलो आणि शेवटच्या चटईवर बसलो. भाकर मला नको, असं पाळकांना हातानं सांगितलं. पाच महिने तिला नाही दिली, तर आज मीही घेणार नाही, असं मनात होतं.

सुभद्रा शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. समोर बघत हळूच म्हणाली, "आता हे नवं नाटक काऊन करून राह्यला दादा?"

मी म्हटलं, "मी लायक नाही."

"लायक कोन हाय? डोळ्यावर हात ठेव. रूबेनभाऊच्या घरचे म्हनतात तशी ते ओळ म्हन."

मी ठेवला. म्हणालो. ऐक इस्राएला, आपला देव एकच. माझ्यामागून तिनं म्हटली. मग तुळशीराम, मग बायका, मग सगळं देऊळ. दाराशी गफ्फारचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, तो आपल्या भाषेत तेच म्हणत होता. डोळे मिटून मी म्हटलं, ती पुढची आज्ञाही म्हणू का, सगळ्या जिवानं प्रीती कर ती? सुभद्रा म्हणाली, "ते म्हनून होत नाही. हात पुढं कर."

हात पुढे केला. तळहातावर भाकरीचा तुकडा पडला. पाळक तर अजून पुढच्या ओळीत होते, त्यांचा आवाज मला येत होता. माझे डोळे मिटलेले असताना ते आधी मागे येऊन तिला भाकर देऊन गेले होते, आणि तिनं तो तुकडा मोडून अर्धा मला दिला होता. पाच महिन्यांनी तिला मिळालेली पहिली भाकर. मी डोळे उघडले तेव्हा तिचा हात मागे जात होता. नखांत डाळ पाखडल्याचा पिवळा भुसा होता.

दुपारी सातही घरांची पंगत देवळाच्या अंगणात बसली. मटण होतं, पण लोकांनी वरणच मागून मागून घेतलं. सुभद्रानं एका नव्या मडक्यात वेगळं वरण शिजवून बाजूला ठेवलं होतं. कुणी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "रूबेनभाऊचं. तो येत नाही, पन मी मडकं मांडाचं सोडत नाही." मग ते तिनं गफ्फारला वाढलं, त्यालाही आमचं मटण चालत नव्हतंच. त्यानं तीन वाट्या खाल्ल्या, तुझ्यासारख्याच. उठताना मला म्हणाला, "मास्तर, ते लहान पुडी फेकली का ठेवली?" ठेवली आहे, रूबेन. फळीवर आहे. बी आता जुनं झालं, पण येत्या जूनला तो नवं देईल ते मी काठानं लावणार आहे. आणि आत सहा तासं कपाशीची, एक तास तुरीचं. टोपी काढून, आबासारखा.

तो टेरिकॉटचा सदरा मात्र मी घालणं सोडलेलं नाही. सुभद्रा रोज त्याकडे बघून हसते.

तू लिहिलंस, मिल्काचा अभिमान तिच्यासमोर बोलता येत नाही. मला माझा बोलता येतो. मी पंगतीत उभा राहून सगळ्यांसमोर बोललो. गर्व पाप आहे, तीस वर्षं तेच शिकवत आलो. माझ्या ह्या वर्षाच्या सगळ्या गर्वाची मी देवाकडे क्षमा मागितली आहे, एक सोडून. सुभद्रा माझी बहीण आहे, याची मागणार नाही.

मिल्कावहिनींना सांग, पोस्टमन येतोय.

तुझाच,
मोत्या